नाकाबंदीतून सुटलेली ट्रॉली

दोन वर्षांपूर्वीच्या ३१ डिसेंबरची रात्र. आमच्या फाट्यावर नाकाबंदी लागली होती. बहिणीकडे जेवून मी मोटारसायकलवरून घरी निघालो होतो. हवालदारांनी थांबवलं, यंत्राची नळी तोंडापुढे धरली, मी फुंकलं, शून्य आलं. माझ्या पुढच्या पोराचा आकडा मात्र बावन्न आला होता, मर्यादा तीसची. "एकच बिअर घेतली साहेब," असं तो रडकुंडीला येऊन सांगत होता. त्याची गाडी बाजूला लावून घेतली. योग्यच केलं.

तेवढ्यात मागून उसाचा ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या, दोन्ही काठोकाठ भरलेल्या, मागच्या ट्रॉलीला ना दिवा ना रिफ्लेक्टर. टेपवरचं गाणं अर्धा किलोमीटर आधीपासून ऐकू येत होतं. कानाला मफलर गुंडाळलेला पंचविशीचा ड्रायव्हर सीटवर तिरका बसला होता. बॅरिकेडला वळसा घालताना मागची ट्रॉली अशी झोलली, की हवालदार दोन पावलं मागे सरकले. त्यांनी शिट्टी मारली आणि हातानं 'चल पुढं' अशी खूण केली.

मी विचारलं, "याला नाही का फुंकायला लावत?"

"वकीलसाहेब, ह्येला हितं उभा केला तर मागं दोन किलोमीटर लाईन लागंल. आणि ट्रॅक्टर लावून घ्यायचा कुठं? पंधरा-वीस टन ऊस हाय त्येच्यावर."

ट्रॅक्टरच्या मागोमाग बैलगाडी आली. गाडीवान उसाच्या मोळ्यांवर आडवा झाला होता. कासरा मनगटाला गुंडाळलेला, मान एका बाजूला कललेली. बैल आपले चालले होते. शेजारी त्याची बायको जागी बसली होती आणि तिच्या मांडीवर शालीत गुंडाळलेलं मूल होतं. गाडी जवळून गेली तेव्हा दारूचा भपकारा मलाही आला. हवालदारांनी शिट्टीसुद्धा मारली नाही. मारून उपयोग नव्हता, कारण दारू पिऊन वाहन चालवण्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ त्या गाडीवानाला लागतच नाही.

मी तालुका कोर्टात वकिली करतो, आणि बरीचशी कामं मोटार अपघातांच्या नुकसानभरपाईची असतात. त्या रात्री फाट्यावर तीन माणसं प्यायलेली होती, निदान माझ्या अंदाजानं तरी. कायद्यानं गाठलं एकाला, आणि तिघांत इतरांना सगळ्यात कमी धोका त्याच्यापासून होता. हे उलटं आहे, आणि ते सुलटं करता येण्यासारखं आहे, असं मला मनापासून वाटतं.

आधी कलम काय म्हणतं ते पाहू. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना 'मोटार वाहन' चालवलं किंवा चालवायचा प्रयत्न केला, तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दंडाचे हे आकडे २०१९ च्या दुरुस्तीनं आले. आधी पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपयांपर्यंत होता. या कलमाचा मोठा गुण म्हणजे गाडी वेडीवाकडी चालली होती हे पोलिसांना सिद्ध करावं लागत नाही. आकडा पुरतो. म्हणजे कोणाला तरी उडवण्याआधीच माणूस रस्त्यावरून बाजूला काढता येतो. दारूच्या बाबतीत कायद्याचा खरा उपयोग एवढाच आहे. अपघात झाल्यावर लावायला कलमं ढीगभर आहेत.

पण हे सगळं 'मोटार वाहन' या दोन शब्दांवर टांगलेलं आहे. यंत्रशक्तीनं चालणारं आणि रस्त्यासाठी बनवलेलं ते मोटार वाहन. रुळांवर चालणारं त्यात येत नाही, फक्त कारखान्याच्या आवारात वापरायचं खास वाहन येत नाही, आणि चारपेक्षा कमी चाकांचं पंचवीस सीसीपर्यंतचं इंजिन असलेलंही येत नाही. बैलगाडी, टांगा, घोडा, सायकल हे तर मुळातच बाहेर. ट्रॅक्टर मात्र पूर्णपणे आत आहे. हार्वेस्टर आत आहे, जेसीबी आत आहे. म्हणजे त्या रात्री ट्रॅक्टर सुटला त्यात कायद्याचा दोष नव्हता. तो थांबवणं अवघड होतं म्हणून सुटला.

ट्रॅक्टरबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण शेतीतलं वाहन म्हणजे सावकाश चालणारं, गरीब बिचारं वाहन असा शहरातल्या लोकांचा समज असतो. ज्यांनी ट्रॅक्टर चालवलाय त्यांना विचारा. त्याचे ब्रेक मागच्या चाकांना असतात, आणि डाव्या-उजव्या चाकाची पेडलं वेगवेगळी असतात. शेतात सरीच्या शेवटी जागच्या जागी वळता यावं म्हणून ती सोय केलेली. रस्त्यावर येताना दोन्ही पेडलं खिट्टीनं जोडून घ्यायची असतात. ती खिट्टी लावायची राहिली आणि घाईत एकाच पेडलवर पाय पडला, तर ट्रॅक्टर त्या अंगाला गर्रकन वळतो. ट्रॉल्यांना बहुतेक वेळा स्वतःचे ब्रेकच नसतात. उतारावर मागचं वजन ट्रॅक्टरला ढकलत राहतं, आणि डिझेल वाचवायला कोणी न्यूट्रल केलं तर ते ओझं आवरणं शुद्धीतल्या माणसालाही कठीण जातं. चढावर उलटा प्रकार होतो, पुढची चाकं उचलली जातात आणि स्टिअरिंगचा ताबा सुटतो. दोन ट्रॉल्या जोडून रात्री घाट उतरणं हे पट्टीच्या ड्रायव्हरचं काम आहे. तिथे आपण प्यायलेला माणूस चालू देतो, कारण त्याला थांबवलं तर मागे रांग लागते!

हाच ट्रॅक्टर गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत असतो. मूर्तीची ट्रॉली, आवाजाच्या भिंतींची ट्रॉली, पुढे नाचणारी पोरं, आणि दहा-बारा तास क्लचवर पाय ठेवून बसलेला ड्रायव्हर. मधल्या वेळात कोणीतरी त्याच्या हातात ग्लास देतं. मंडळाच्या कार्यकर्त्यांना मी हटकलं की ठरलेलं उत्तर मिळतं: "वकीलसाहेब, ट्रॅक्टर चालतोय पावलापावलानं. त्यात कसला आलाय धोका?" पण पोरांची पाठ पुढच्या चाकापासून हातभर लांब असते. पाय क्लचवरून सटकला तर ट्रॅक्टर तेवढं अंतर एका हिसक्यात पार करतो. धोका मोजताना वेगाबरोबर हेही बघावं लागतं, की समोर कोण आहे आणि किती जवळ आहे. आणि अशा वेळी ड्रायव्हरला पाजणाऱ्यासाठीही कायद्यात जागा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८८ सांगतं, की कलम १८५ च्या गुन्ह्याला जो चिथावणी देईल, मदत करेल, तोही शिक्षेला पात्र. प्यायलाय हे माहीत असून किल्ली हातात देणारा मालक त्यात बसू शकतो. हे कलम लावलेलं मी माझ्या इतक्या वर्षांच्या वकिलीत पाहिलेलं नाही.

आता बैलगाडीकडे येऊ, कारण खरा वाद तिथे आहे.

मी हा विषय काढला की आमच्याकडचे जुने लोक म्हणतात, बैलांना वाट माहीत असते. मी लहान असताना आमच्या गल्लीतले एक आजोबा बाजारातून गाडीत झोपून यायचे आणि बैल त्यांना थेट गोठ्यापाशी आणून उभे करायचे. मी डोळ्यांनी पाहिलंय. ऊसतोडीला बीडहून आलेल्या एका गाडीवानानंही मला तेच सांगितलं: "बैलायला वाट ठाव हाये, साहेब." हो, ठाव आहे. गोठ्याची आणि कारखान्याची वाट त्यांना कळते. पण वाट चौपदरी झाली आहे. मधे दुभाजक आलाय. पलीकडे कारखान्याच्या ऊसगाड्यांच्या अड्ड्यावर जायला दीड किलोमीटर पुढे जाऊन वळावं लागतं, म्हणून गाड्या सरळ उलट्या बाजूनं येतात. समोरून ट्रक प्रखर दिवे मारत येतो तेव्हा बैल बुजतो, आणि त्या क्षणी कासरा ओढणारा हात जागा असावा लागतो. बैलाला घर कळतं. ऐंशीच्या वेगानं येणारी गाडी किती लांब आहे ते त्याला कळत नाही.

अशा गाडीवानाला आज कोणतं कलम लावता येतं? भारतीय न्याय संहितेचं २८१. जुन्या दंड संहितेतलं २७९. रहदारीच्या रस्त्यावर कोणतंही वाहन हयगयीनं चालवलं किंवा जनावरावर बसून स्वारी केली आणि त्यामुळे माणसाच्या जिवाला धोका झाला किंवा दुखापत होण्यासारखी वेळ आली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यात बैलगाडी येते, घोडाही येतो. पण इथे हयगय सिद्ध करावी लागते. नुसतं प्यायलेलं असणं पुरत नाही. मग राहतं कलम ३५५, सार्वजनिक जागी दारूच्या नशेत लोकांना त्रास दिल्याचं. चोवीस तासांपर्यंतची साधी कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा समाजसेवा. आपल्या दारूबंदी कायद्यातही रस्त्यावर स्वतःला सांभाळता येणार नाही इतकं झिंगण्याबद्दलचं किंवा नशेत गोंधळ घालण्याबद्दलचं कलम आहे. पण मोळ्यांवर शांत झोपलेला माणूस कुणाला त्रास देत नाही, गोंधळही घालत नाही. तो गाडी हाकताना झोपलाय हाच धोका आहे, आणि प्यायलेल्या माणसानं गाडी हाकणं हा वेगळा गुन्हा म्हणून यांतल्या कुठल्याच कलमात नाही.

माथेरानला गेलात तर हीच विसंगती एकाच लाल मातीच्या रस्त्यावर दिसेल. तिथे खाजगी मोटारींना बंदी आहे. पर्यटकांना घोडे नेतात, आणि आता ई-रिक्षाही चालतात. ई-रिक्षा कायद्यानं मोटार वाहन आहे, त्यामुळे तिचा चालक प्यायलेला सापडला तर कलम १८५ लागेल. शेजारून कड्याच्या बाजूनं सहा वर्षांच्या मुलाला पाठीवर घेऊन घोडा चाललाय आणि लगाम धरणारा झोकांड्या देतोय, त्याला ते कलम नाही. तिथले बहुतेक घोडेवाले जनावराला आणि गिऱ्हाइकाला जिवापाड जपतात, त्यांच्यावर मला ठपका ठेवायचा नाही. मला कायद्याची रेष कुठून जाते ते दाखवायचंय. ती रेष इंजिनावरून जाते. मुलाच्या जिवावरून जायला हवी होती.

इंग्लंडनं ही रेष फार जुन्या काळी वेगळी आखली होती. तिथला १८७२ चा परवाना कायदा म्हणतो, की सार्वजनिक रस्त्यावर गाडी, घोडा, गुरं किंवा वाफेचं इंजिन ताब्यात असताना जो नशेत असेल तो गुन्हेगार. मोटारी यायच्या आधीचा हा कायदा आहे, म्हणून त्याची नजर वाहनाच्या जातीवर अडकलेली नाही. काय 'ताब्यात' आहे एवढंच तो विचारतो. ती तरतूद तिथे आजही लागू आहे. त्याच राज्यकर्त्यांनी १८६० मध्ये आपल्याला दंड संहिता दिली, पण तिच्यातलं २७९ हयगयीपाशी थांबलं. पुढे मोटारीचे वेगळे कायदे झाले आणि दारूचा विषय मोटारीच्या मागे गेला. बैलगाडी राहिली मागच्या शतकात. रस्ता मात्र तिचा एकटीचा राहिला नाही.

बैलगाडीकडून बॅटरीकडे आलं की चित्र आणखी विचित्र होतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ज्या दुचाकीची मोटर २५० वॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, ती मोटार वाहन समजली जात नाही. नंबरप्लेट नको, लायसन्स नको, विमा नको. पुण्या-मुंबईत सामान पोचवणारी हजारो पोरं अशा स्कूटरवर फिरतात. त्यांच्या पोटावर पाय यावा असं मला वाटत नाही. सोय चांगली आहे, धूर नाही, खर्च कमी. पण यातल्या काही स्कूटर कागदावर पंचवीसच्या आणि रस्त्यावर चाळीसच्या असतात. वेग वाढवला की कायद्यानं ती मोटार वाहन झाली, कलम १८५ सुद्धा लागू झालं. पण नाक्यावरच्या पोलिसानं ते ओळखायचं कसं? आणि खरोखर पंचवीसनं जाणारी असली, तरी साठ किलोची गाडी आणि वर सत्तर किलोचा माणूस येऊन आदळला तर म्हाताऱ्या माणसाचं काय होतं ते मी पाहिलंय.

पुण्यात भाजी विकणाऱ्या एका मावशींचा मुलगा माझ्याकडे आला होता. संध्याकाळी त्या टोपली घेऊन रस्ता ओलांडत होत्या. भाड्याच्या अशाच स्कूटरवरचा तरुण येऊन धडकला. पोरगं प्यायलेलं होतं, पडल्यावर उठता येईना. मावशींचं खुब्याचं हाड मोडलं. मुलानं मला रुग्णालयाची बिलं दाखवली, प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून आणलेली. म्हणाला, "साहेब, आमच्या गल्लीत एकाला रिक्षा लागली होती, त्याला कोर्टातून पैसे मिळाले. आईला किती मिळतील?"

मला त्याला सांगावं लागलं, की तो मार्ग तुझ्या आईला नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जायचं तर अपघात मोटार वाहनामुळे झालेला असावा लागतो. विमा सक्तीचा तोही मोटार वाहनालाच. गाडी पळून गेली तर मृताच्या वारसांना २ लाख आणि गंभीर जखमीला ५०,००० रुपये देणारी सरकारी योजना आहे, तीही मोटार वाहनाच्या अपघातापुरती. राहिला दिवाणी दावा. कोर्ट फी भरा, वर्षानुवर्षं तारखा करा आणि शेवटी त्या खोलीत चौघांबरोबर राहणाऱ्या पोराकडून वसूल काय करणार? तो मुलगा बिलं पुन्हा पिशवीत घालून उठला. ती स्कूटर थोडी जास्त ताकदीची असती तर त्याच्या आईला भरपाई मिळाली असती, हे वाक्य मी त्याला बोलून दाखवू शकलो नाही.

म्हणून मी म्हणतो, की हा प्रश्न फक्त प्यायलेल्याला शिक्षा काय एवढ्याचा नाही. धडक बसलेल्या माणसाच्या वाट्याला काय येतं, हाही तेवढाच मोठा भाग आहे. आणि विचित्र वाहनांची धडक ज्यांना बसते ते बहुतेक पायी चालणारे, सायकलवरचे, मोटारसायकलवरचे, म्हणजे हातावर पोट असणारेच असतात.

याला विरोध करणारे माझे काही मित्र आहेत, ऊसतोड कामगारांमध्ये काम करणारे. त्यांचं म्हणणं मी गांभीर्यानं घेतो. ते म्हणतात, पहाटे तीनला फडात उतरणारा माणूस रात्री अकराला गाडी घेऊन निघतो, अंग ठणकत असतं, उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे, फिटलेली नसते, तो पितो. त्याच्यावर तू अजून एक खटला लादणार? मोठ्या मोटारीतला सुटतो आणि गाडीवान आत जातो हेच आजवर होत आलंय. त्यांचं हे म्हणणं खरं आहे. म्हणूनच गाडीवानाला तुरुंग नको असं माझंही मत आहे. १०,००० रुपयांचा दंडही नको; तो मुकादम उचलीत घालेल आणि पुढच्या हंगामापर्यंत तो माणूस बांधला जाईल. पण त्या मित्रांना मी एकच विचारतो. त्या गाडीवर शालीत गुंडाळलेलं मूल कोणाचं होतं? प्यायलेल्या गाडीवानाची गाडी उलटली तर पहिली सापडते ती त्याचीच बायको आणि त्याचंच लेकरू. दिवसभर कोयता चालवून ती बाई रात्री नवऱ्याच्या वाटणीचं जागरणही करत बसते, कासऱ्यावर लक्ष ठेवून. तिच्या बाजूनं कायद्यानं एकदा तरी उभं राहावं.

सायकलस्वाराबद्दल मात्र मी सौम्य आहे. जपाननं १ नोव्हेंबर २०२४ पासून नियम कडक केले. आता श्वासात ठरावीक मर्यादेपुढे अल्कोहोल घेऊन सायकल चालवली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. त्यांच्या रस्त्यांचं ते जाणोत. आपल्याकडे रात्री सायकलवरून घरी जाणारा बहुधा वॉचमन असतो, नाहीतर गवंड्याच्या हाताखालचा मजूर. तो पडला तर स्वतःचे गुडघे फोडून घेईल. त्याला धाक घातला तर तो पायी जाणार नाही, कोणाची तरी मोटारसायकल मागून घेईल. जर्मनीतली व्यवस्था मला जास्त पटते. तिथे सायकलस्वार १०० मिलिलिटर रक्तात साधारण १६० मिलिग्रॅमला फौजदारी गुन्ह्यात येतो, आणि उभ्यानं चालवायच्या विजेच्या स्कूटरला मात्र मोटारीसारखीच ५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. म्हणजे त्यांनी वाहन आणि त्याचा धोका यांचा हिशेब वेगवेगळा मांडला. आपणही मांडू शकतो.

आपल्या विधानसभेला त्यासाठी दिल्लीकडे बघायचीही गरज नाही, निदान निम्म्या कामासाठी. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात यंत्रानं चालणारी वाहनं समवर्ती सूचीत आहेत, पण यंत्राशिवाय चालणारी वाहनं राज्य सूचीत आहेत, तेराव्या नोंदीत. बैलगाडी, टांगा, घोडा हा महाराष्ट्राचा स्वतःचा विषय आहे. जनावरानं ओढलेली गाडी हाकणारा किंवा भाड्यानं घोडा नेणारा प्यायलेला आढळला तर पोलिसानं त्याला उतरवावं, शुद्धीवर येईपर्यंत गाडी आणि जनावर सुरक्षित ठेवावं, बायको-मुलांना मुक्कामी पोचवावं, आणि पहिल्या वेळी ताकीद देऊन सोडावं, एवढं कलम पुरे आहे. त्यात जनावरांच्या चाऱ्यापाण्याची सोय लिहिलीच पाहिजे, नाहीतर कोणताही पोलीस बैल ठेवून घेणार नाही. कमी ताकदीच्या स्कूटरसाठी नियम केंद्राचे आहेत. तिथे लायसन्सची सूट राहू द्या, पण दारूच्या कलमाची आणि विम्याची सूट काढा. ज्या भाड्याच्या स्कूटर धंद्यासाठी चालतात त्यांचा विमा भाडं घेणाऱ्यानं काढावा.

पण ट्रॅक्टरचं काय? तिथे तर कायदा आहे, आणि हवालदारांचं म्हणणंही खरं आहे, पंधरा-वीस टन ऊस घेऊन निघालेला ट्रॅक्टर मध्यरात्री हायवेवर अडवता येत नाही. मी यावर बराच विचार केला, हंगामात दोन-तीन रात्री कारखान्याच्या आवारात जाऊनही बसलो. मग लक्षात आलं, की ड्रायव्हर पितो कुठे याकडे कोणी बघतच नाही. तो पितो रांगेत. गाडी अड्ड्यावर लागली की नंबर यायला कधी चार तास, कधी दहा तास. थंडी, डास, बसायला शेड नाही, झोपायला जागा नाही, आणि गेटपासून हाकेच्या अंतरावर देशी दारूचं दुकान. नंबर लागतो, काट्यावर वजन होतं, ऊस गव्हाणीत पडतो, आणि रात्री दोन वाजता रिकाम्या ट्रॉल्या घेऊन तो फडाकडे सुटतो. रिकामी ट्रॉली उडते, आपटते, दुप्पट वेगानं जाते. भरलेल्या ट्रॉलीपेक्षा मला या रिकाम्या ट्रॉलीची जास्त भीती वाटते. आणि ती प्रत्येक वेळी एका ठरावीक जागेवरून बाहेर पडते. कारखान्याच्या गेटवरून.

रेल्वेत इंजिन चालवणाऱ्याला कामावर हजर होताना श्वासाची तपासणी द्यावी लागते. कामावर नशेत असलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यामुळे प्रवाशांच्या जिवाला धोका होण्याजोगा असेल तर रेल्वे कायद्याच्या कलम १७२ खाली वर्षभराची कैद होऊ शकते. विमानाच्या वैमानिकाला उड्डाणाआधीच्या बारा तासांत दारू घेता येत नाही. तिथे रस्त्यात गाडी अडवावी लागत नाही, कारण माणूस निघण्याआधीच तपासला जातो. साखर कारखान्याला वजनाची स्लिप देता येते, गाडीचा क्रमांक, ऊसतोड टोळीचा कोड, उसाची जात सगळं नोंदवता येतं, तर सुटणाऱ्या ड्रायव्हरला एकदा फुंकायला लावता येणार नाही का? आकडा आला तर पोलीस बोलावू नका. किल्ली काढून घ्या, त्याला शेडमध्ये झोपू द्या, सकाळी किल्ली द्या. खेप बुडाल्याचा भुर्दंड त्याच्या एकट्याच्या माथी मारू नका, दहा तास रांगेत बसवणाऱ्या व्यवस्थेनंही तो उचलावा. साखर आयुक्तालय दर हंगामाला गाळप परवाना देतं. त्या परवान्याच्या अटींत शेड, गरम पाणी, झोपायला जागा आणि गेटवरचं श्वास तपासणी यंत्र या चार गोष्टी घालता येतील.

गेल्या हंगामात आमच्या भागातल्या एका कारखान्याच्या वार्षिक सभेत मी सभासद म्हणून हा विषय मांडला. व्यासपीठावरून उत्तर आलं, की वाहतूकदार हे आमचे कर्मचारी नाहीत, ते कंत्राटी आहेत. मागे बसलेल्या एका ट्रॅक्टर मालकानं मात्र सभा संपल्यावर मला बाहेर गाठलं. त्याचा पुतण्या दोन वर्षांपूर्वी रिकाम्या ट्रॉलीखाली गेला होता, स्वतःच चालवत असताना. तो म्हणाला, "वकीलसाहेब, मशिन केवढ्याला येतं? कारखान्यानं नाही घेतलं तर आम्ही दहा मालक वर्गणी काढू."

येत्या हंगामाची मोळी टाकायच्या, म्हणजे गाळप सुरू व्हायच्या आधी आम्ही ते यंत्र घेणार आहोत. गेटबाहेर, काट्याच्या पलीकडे, टेबल मांडायला जागा पाहून ठेवली आहे. बसायचं कोणी कोणत्या रात्री त्याची यादी चालू आहे. पहिल्या रात्रीला माझं नाव आहे.